किडनीच्या रुग्णाला हार्ट अटॅक आला तर: गोव्यात स्टेंटसाठी कार्ड, कागद आणि अडणाऱ्या जागा

आधी एक गोष्ट, कारण तिच्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. त्रास सुरू झाल्यावर कपाट उघडून कागद शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन ईसीजी काढून घ्या. गोव्यात ‘स्टेमी गोवा’ या हार्ट अटॅकसाठीच्या प्रकल्पाखाली छोट्या केंद्रांतला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवला जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन गरज असेल तर तिथेच मोफत देतात आणि रुग्णाला बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे गोमेकॉत, हलवतात. तोवर कार्ड घेऊन मागाहून येणारा माणूस रस्त्यात असला तरी चालतो.

किडनीच्या रुग्णांच्या घरी घोटाळा होतो तो इथेच. या रुग्णांना, त्यातही मधुमेह असेल तर, छातीत कळ येईलच असे नाही. नुसती धाप लागते, घाम फुटतो, मळमळते. घरचे म्हणतात, अंगात पाणी साचलेय, उद्या डायलिसिस आहेच, उतरेल. असे म्हणून रात्रभर थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. डायलिसिसवरच्या माणसाला नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर उद्याची वाट पाहू नका, ईसीजी करा.

आता स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची बंद झालेली वाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीच्या, खर्चासाठी लागणाऱ्या कार्डांकडे येऊ. कामाची कार्डे मुख्यतः दोन.

पहिले राज्याचे: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासून सुरू. गोव्यात किमान ५ वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला ते मिळते, उत्पन्नाची अट नाही. सरकारी नोकर आणि दुसऱ्या सरकारी आरोग्य योजनेत असलेले वगळले आहेत. कुटुंबात तिघे किंवा त्याहून कमी असतील तर वर्षाला अडीच लाख रुपये, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. अर्ज, आधार, फोटो, नोंदणीचे दोन-तीनशे रुपये, एवढ्यात काम होते. हे कोणाला अवघड जात नाही.

अवघड जातो तो ५ वर्षांचा पुरावा. आधार कार्डावर आजचा पत्ता असतो, तिथे केव्हापासून राहता हे त्यावर लिहिलेले नसते. ही साधी गोष्ट खिडकीवर कोणी समजावत नाही, ‘पुरावा आणा’ म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात. मूळ गोयकारांना जुने रेशन कार्ड, मतदार यादी, वीजबिल यांतून काहीतरी सापडते. अडतात ती दोन प्रकारची माणसे. एक, सावंतवाडी, चंदगड, बेळगाव भागातून लग्न होऊन आलेली सून, जिचे नाव रेशन कार्डावर चढवायचे राहूनच गेले. दुसरे, गावचे घर बंद करून मुलाकडे आणलेले म्हातारे आईवडील. आणि किडनीचा आजार बहुधा याच म्हाताऱ्यांना असतो. त्यांच्यासाठी पंचायत, तलाठी, मामलेदार हा रहिवासी दाखल्याचा फेरा आजच सुरू करा. चौकशीला दिवस जातात, माणूस आयसीयूत असताना तो फेरा पुरा होत नाही. आईवडिलांची ५ वर्षे भरलेली नसतील, तर उगाच खेटे न घालता खाली सांगितलेले दुसरे कार्ड बघा.

नावांचा गोंधळ हा गोव्याचा खास त्रास. १९६१ च्या आधी जन्मलेल्यांचा जन्मदाखला पोर्तुगीज स्पेलिंगचा. तिथले नाव, आधारवरचे नाव आणि डायलिसिसच्या फाईलवरचे नाव अशी एकाच माणसाची तीन नावे होतात. कुठे आडनाव नाही, कुठे वडिलांचे नाव मधे घातलेले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण आधी ज्या कार्यालयात द्यायचे तिथे विचारा की नमुना कोणता लागतो. आणि रुग्णालयात नोंद करताना आधारवर जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर, नाव सांगा. तिथे घरगुती नाव सांगितले की मंजुरी अडकते.

तिसरा धोंडा मुदतीचा. दीनदयाळ कार्डावर मुदत छापलेली असते आणि नूतनीकरण करावे लागते. डायलिसिस सुरळीत चालले आहे म्हणून कार्डही चालूच असेल असे घरचे धरून चालतात. तसे नसते. शिवाय वर्षाची रक्कम माणशी नसून सगळ्या कुटुंबाची मिळून असते. आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६. हे डायलिसिस खासगी रुग्णालयात कार्डावर होत असेल, तर त्याच रकमेतून पैसे वळते होत असतात. स्टेंटच्या वेळी शिल्लक किती हे त्या रात्री कळून उपयोग नाही. दर दोन महिन्यांनी विचारून लिहून ठेवा.

दुसरे कार्ड केंद्राचे: आयुष्मान भारत. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून ‘वय वंदना’ कार्ड मिळते, वर्षाला ५ लाखांपर्यंत. उत्पन्न विचारत नाहीत, गोव्यात किती वर्षे राहता तेही विचारत नाहीत. फक्त आधार लागते. परगावाहून आणलेल्या आईवडिलांसाठी हेच कार्ड. पण वय मोजतात ते आधारवरच्या जन्मतारखेने. ‘सत्तरावे लागले’ आणि ‘सत्तर पूर्ण झाली’ यातला फरक लक्षात घ्या, या एका वर्षाने कितीतरी अर्ज परत येतात. केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा असेल तरी हे कार्ड काढता येते.

यातली अडचण ओळख पटवण्याची. म्हाताऱ्या माणसांची बोटे झिजलेली, ठसा उमटत नाही. मग ओटीपी, आणि तो जातो मुलाने केव्हाच बंद केलेल्या नंबरावर. आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडा. तेही जमत नसेल तर चेहरा किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्या. परत पाठवू देऊ नका.

दोन्ही योजना कॅशलेस आहेत. आधी रोख भरू, मग बिल जोडून मागू, असा हिशेब करू नका. दाखल होतानाच कार्ड दाखवा. गोवा सरकारची जुनी मेडिक्लेम योजनाही लोक विचारतात. ती मुळात गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी आहे, तिला १५ वर्षांचा दाखला लागतो, आणि स्टेंट तर गोमेकॉत बसवतातच. तिच्यामागे दिवस घालवू नका. बांदा-सावंतवाडीहून येणाऱ्यांना दीनदयाळ लागू नाही. गोमेकॉत बाहेरच्यांना २०१८ पासून शुल्क आहे, मात्र आयुष्मान कार्ड योजनेत नोंदलेल्या कुठल्याही राज्यातल्या रुग्णालयात चालते.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: जुना क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि जुना ईसीजी. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांचे चित्र काढताना, जो रंगद्रव घालतात त्याने कमजोर किडनी आणखी बिघडू शकते. आजचे क्रिएटिनिन ३.२ असेल, तर ते महिनोन् महिने तेवढेच होते की कालपर्यंत १.८ होते, यावर डॉक्टरांचे पुढचे पाऊल ठरते. सलाईन किती द्यायचे, रंगद्रव किती कमी वापरायचा, सगळे त्यावर. हृदयाला इजा झाली की वाढणारे ट्रोपोनिन किडनीच्या रुग्णात एरवीही थोडे वाढलेलेच असते, म्हणून काही तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. तेव्हा ‘एकदा रक्त घेतले, परत कशाला’ म्हणून भांडू नका. गेल्या सहा महिन्यांचे दोन-तीन रिपोर्ट, शेवटचा ईसीजी, औषधांची यादी, शेवटचे डायलिसिस केव्हा आणि डायलिसिसनंतरचे ठरलेले वजन किती, हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगा. मोबाईलवर फोटोही असू द्या. आणि फिस्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडून तयार केलेली रक्तवाहिनी, कोणत्या हातात आहे ते पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. त्या हाताला सुई, पट्टा, तार काहीही नको. दुसऱ्या हाताबद्दलही डॉक्टरांशी बोला, पुढे फिस्चुलासाठी त्याचीही गरज पडू शकते.

संमतीपत्रावर ‘डायलिसिस लागू शकते’ असे वाचून नातेवाईक हादरतात. गावाला फोन लावतात, भावाची वाट बघतात. रक्तवाहिनी पूर्ण बंद असलेल्या अटॅकमध्ये ही वाट परवडत नाही. अशा वेळी किडनी कमजोर असली तरी वाहिनी उघडणे हाच सहसा बरा मार्ग ठरतो. वाहिनी अर्धवट बंद असलेल्या अटॅकमध्ये बऱ्याचदा एक-दोन दिवस हातात असतात, किडनीची तयारी आणि मंजुरी तेवढ्यात होते. अटॅक नाही, त्रासही स्थिर आहे, तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७७७ रुग्णांच्या ‘इस्केमिया-सीकेडी’ अभ्यासात अशा रुग्णांना सरसकट अँजिओग्राफी करून जास्त फायदा दिसला नाही. म्हणून शेजाऱ्याला डॉक्टरांनी थांबायला सांगितले, मग आमचे का करता, अशी तुलना करू नका. पूर्ण बंद की अर्धवट, हे डॉक्टरांना सरळ विचारा. खासगी रुग्णालय असेल तर डायलिसिस तिथेच होते का, हेही आधीच विचारा.

स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा तेव्हा २९,६०० रुपये होती, एप्रिल २०२५ मध्ये ती सुमारे ३८,९३३ रुपये झाली, कर वेगळा. ‘भारीतला’ म्हणून लाखभर मागितले तर मान हलवू नका. बिलावर स्टेंटची किंमत, नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिलेला हवा. डब्यावरचे स्टिकर फाईलला लावून घ्या.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर त्या दिवसाचे क्रिएटिनिन लिहून मागा आणि पुन्हा केव्हा तपासायचे ते विचारा, कारण रंगद्रवाचा परिणाम बहुधा दोन-तीन दिवसांनी दिसतो. आयुष्मानमध्ये घरी आल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे धरलेली आहेत, ती सोडू नका. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या मात्र महिनोन् महिने चालतात. मधेच फिस्चुलाचे ऑपरेशन ठरले किंवा दात काढायचा झाला, तर कोणी सहज सांगेल, गोळ्या पाच दिवस बंद ठेवा. ज्या हृदयरोगतज्ज्ञाने स्टेंट बसवला त्याला विचारल्याशिवाय एकही दिवस बंद करू नका. स्टेंट आतून बंद पडतो तो अशा वेळी.