बॉबिनवर दोरा कोण पसरवतो?

जून उजाडला की नाशिकच्या मेन रोडवर, भद्रकालीत शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसते. गणवेशांचे गठ्ठे पडलेले असतात, आयांचे फोन सुरू असतात, आणि नेमका अशा वेळी खालचा दोरा संपतो. कारागीर रिकामी बॉबिन काढतो, मशीनच्या उजव्या अंगाला असलेल्या छोट्याशा दांडीवर चढवतो, खटका दाबतो आणि पाय चालवतो. मिनिटभरात बॉबिन टम्म भरते, खटका ‘टक्’ करून आपोआप सुटतो. तोवर त्याने पुढच्या चड्डीचा पाय जुळवूनही ठेवलेला असतो. बॉबिन भरताना तिच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते अख्ख्या शिवणयंत्रात बघण्याजोगा भाग हाच आहे.

मुळात बॉबिन भरावीच का लागते? वरच्या दोऱ्याचं रीळ चांगलं हजार मीटरचं चालतं, मग खाली एवढीशी चकती कशाला? याचं उत्तर टाक्यात आहे. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि परत वर येताना दोऱ्याचा एक फासा खाली राहतो. बॉबिनला पोटात घेऊन बसलेल्या शटलचं टोक तो फासा पकडतं, मोठा करतं आणि बॉबिनला अख्खीच्या अख्खी त्यातून पार करवतं. दर टाक्याला हे घडतं. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो तो असा. बॉबिन फाशातून निसटू शकेल एवढी लहान असणं भागच आहे. अमेरिकेत एलियास हाउने १८४६ साली दुहेरी दोऱ्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शिवणाऱ्यांच्या मागे बॉबिन भरायचं काम लागलं ते या टाक्यामुळेच.

आता भरण्याच्या यंत्रणेकडे येऊ. दांडीवर एक रबरी कडी असते, इंचभर व्यासाची. खटका दाबला की ती कडी हातचाकाला टेकते आणि नुसत्या घर्षणावर फिरू लागते. दाता नाही, साखळी नाही. पायाने चालणाऱ्या मशीनचं खालचं मोठं चाक फूटभर व्यासाचं, आणि वादी वर ज्या खाचेतून जाते ती सातेक सेंटीमीटरची. त्यामुळे पायाच्या एका फेरीत हातचाक चारदा फिरतं. हातचाकाचा जो भाग रबराला लागतो तो रबराच्या साधारण तिप्पट व्यासाचा. म्हणजे पायाची एक फेरी झाली की बॉबिन बाराएक गिरक्या घेते. मॉडेल बदललं की आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

एका बॉबिनमध्ये दोरा किती मावतो तेही काढता येतं. आपल्याकडच्या काळ्या घरगुती मशीनची गोल बॉबिन दोन सेंटीमीटर व्यासाची आणि सेंटीमीटरभर रुंदीची. मधली नळी ८ मिलिमीटरची धरली आणि काठापासून जरा खालपर्यंतच भरली, तर वेढ्यांसाठी साडेपाच मिलिमीटर खोल आणि १० मिलिमीटर रुंद जागा उरते. नेहमीच्या शिवणाच्या दोऱ्याची जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. वेढे बसतात तेराशे ते चौदाशे, आणि दोरा होतो ५५ ते ६० मीटर. पाय शंभराच्या वर वेळा हलवावा लागतो. कापड किती जाड आहे त्यावर बरंच अवलंबून आहे, पण चाळीसेक मीटर शिवण या दोऱ्यात निघते.

यातली गंमत अशी की बॉबिन एकाच वेगाने फिरत असली तरी दोरा एकाच वेगाने ओढला जात नाही. सुरुवातीला एका गिरकीला २५ मिलिमीटर दोरा लागतो, शेवटी ६० मिलिमीटर. भरत आलेली बॉबिन रीळ जास्त जोरात गरगर फिरवते ती यामुळे.

सुरुवात करताना दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून बाहेर काढून चिमटीत धरायचं, ही शिकवण प्रत्येक शिवणक्लासात मिळते. चार-पाच वेढे बसले की टोक कापून टाकलं तरी चालतं, दोरा सुटत नाही. उधळलेला बैल नुसत्या दाव्याने धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही, पण तेच दावं खुंट्याभोवती तीनदा गुंडाळून धरलं तर शाळकरी पोरगंही बैल थोपवतं. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. त्यानुसार वेढे वाढतील तशी पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक पाव धरला तर एका वेढ्यात पकड पावणेपाच पट होते आणि तीन वेढ्यांत शंभर पटीच्या पुढे जाते. म्हणून पहिल्या दोन गिरक्यांनाच काय ती बोटांची गरज असते.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. बॉबिन जागच्या जागी फिरते आणि दोरा एका ठरावीक ठिकाणाहून येतो. मग तो एकाच जागी डोंगरासारखा साचत का नाही? या काठापासून त्या काठापर्यंत पसरतो कसा?

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाची फार जुनी उत्तरं बघायला मिळतात. येवल्यात पैठणी विणणाऱ्या घरांत बाण्याचं, म्हणजे आडव्या दोऱ्याचं, रेशीम कांडीवर भरतात आणि कांडी मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवतात. भरणारी बाई एका हाताने चाक फिरवते. दुसऱ्या हाताच्या चिमटीतून रेशीम सरकत असतं आणि ती चिमूट सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात राहते. दोरा पसरवणारी यंत्रणा म्हणजे तिचा हात. गप्पा चालू असतात, चुलीवरच्या दुधाकडे लक्ष असतं, पण कांडीवर कुठे उंचवटा येत नाही. मालेगावात यंत्रमागांसाठी हेच काम मशीनवर होतं. तिथे दोरा नेणारा मार्गदर्शक थोड्या अंतरात पुढे-मागे होत एकेक थर देतो आणि बुडापासून टोकाकडे सरकत जातो. थर उतरते पडतात, त्यामुळे धोटा पळताना दोरा टोकावरून अलगद निसटतो.

शिवणयंत्रवाल्यांनाही एके काळी असा ‘हात’ बसवावा लागला होता. जुन्या मशीनमध्ये शटल होडीच्या आकाराचं असे आणि आतली बॉबिन लांबोडकी, तीनएक सेंटीमीटरची. दोन्ही टोकांना बारीक चकत्या, मध्ये नळी. हिच्यावर दोरा मध्येच साचला तर ती शटलमध्ये शिरायचीच नाही, आणि शिरलीच तर अडकत-अडकत फिरायची. म्हणून सिंगरच्या २७ आणि २८ नंबरच्या मशीनवर बॉबिन भरण्यासाठी एक देखणा जोड असे. बॉबिनच्या दांडीवर वर्म गियर, म्हणजे स्क्रूसारखे आटे, त्याने सावकाश फिरणारं एक दातेरी चाक, त्या चाकावर बदामाच्या आकाराची पोलादी चकती आणि चकतीच्या कडेला टेकून हलणारी एक दांडी. दांडीच्या टोकाच्या भोकातून दोरा जायचा. बदाम फिरला की दांडी डावी-उजवीकडे झुलायची, आणि दोरा येवल्याच्या त्या चिमटीसारखा काठोकाठ पसरायचा. जुन्या बाजारात असं मशीन दिसलं तर हातचाकाशेजारी हा बदाम शोधून बघा, आणि चक्क हाताने फिरवून बघा.

बदामच का? दांडी पुढे-मागेच करायची तर एखादी गोल चकती केंद्रापासून थोडी बाजूला बसवली असती तरी काम झालं असतं, आणि ती बनवायलाही सोपी. पण तिच्याने दोरा नीट पसरत नाही. अशा चकतीने हलणारी दांडी झोपाळ्यागत मध्ये वेगात जाते आणि दोन्ही टोकांना रेंगाळते. रेंगाळेल तिथे दोरा जास्त पडणार. हिशेब केला तर दोन्ही टोकांकडच्या एकेक दशांश पट्ट्यांत मिळून सुमारे ४१ टक्के दोरा जातो, तिथे खरं तर २० टक्केच जायला हवा. आणि अगदी मधल्या २० टक्के पट्ट्यात जेमतेम १३ टक्के पडतो. बॉबिन डमरूसारखी दिसेल.

हवं असं, की चकती सारख्या कोनातून फिरली की दांडी सारखंच अंतर सरकावी. म्हणजे केंद्रापासून कडेचं अंतर कोनाच्या प्रमाणात वाढत गेलं पाहिजे. कागदावर काढून बघता येतं. अर्ध्या वर्तुळाचे बारा समान भाग करा, पहिल्या रेषेवर केंद्रापासून १० मिलिमीटरवर खूण करा, दुसऱ्या रेषेवर ११ वर, तिसऱ्या रेषेवर १२ वर, असं करत शेवटच्या तेराव्या रेषेवर २२ पर्यंत जा. खुणा जोडल्या की जो वळसा मिळतो त्याला आर्किमिडीजचं सर्पिल म्हणतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात त्याने या वक्राचा अभ्यास केला होता. दुसऱ्या अर्ध्यात तोच वळसा आरशातल्यासारखा उलटा काढला की बदाम तयार. टोकाला अणकुची आणि समोर खाच येते ती अशी, शोभेसाठी कुणी दिलेली नाही. अणकुचीवर दांडी क्षणात उलटी फिरते, रेंगाळत नाही. या आकृतीला आणखी एक गुण आहे. केंद्रातून कुठेही आरपार रेघ मारा, तिची लांबी तेवढीच भरते, आपल्या आकृतीत दर वेळी ३२ मिलिमीटर. त्यामुळे समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये बदाम बरोब्बर धरता येतो, आणि दांडी परत आणायला स्प्रिंगही लागत नाही. पॉलिटेक्निकच्या पोरांना ही आकृती परीक्षेपुरती काढायला लावतात. तिने आजीचं मशीन चालत होतं हे सांगितलं तर कदाचित जास्त लक्षात राहील.

मग हा बदाम गेला कुठे? आपल्या आजच्या मशीनवर तो नाही. त्याहून चांगला बदाम कुणी काढला नाही, बॉबिनच बदलली. अमेरिकेतल्याच ॲलन विल्सनने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला फासा पकडणारं फिरतं हूक आणि चपटी गोल बॉबिन आणली. पुढे गोल बॉबिनचेच प्रकार सगळीकडे रुळले. सिंगरचं १५ नंबरचं मॉडेल त्यातलंच, आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारी काळी मशीनं बहुतेक त्याच घाटाची आहेत. चपटी बॉबिन इतकी अरुंद असते की तिला पसरवणारा हात लागतच नाही. दोरा मशीनच्या पाटावरच्या दोन तबकड्यांच्या चिमट्यातून वर येतो. तिथून बॉबिन वीतभर लांब आहे, तर मध्यापासून काठापर्यंतचं अंतर अर्धाच सेंटीमीटर. इकडून तिकडे जायला दोऱ्याला जेमतेम दोन अंशांनी तिरकं व्हावं लागतं. मध्ये थोडा उंचवटा तयार झाला की ताणलेला दोरा त्यावर टिकत नाही. ताणाखालचा दोरा नेहमी लहान घेराकडे घसरतो. तो उताराकडे जातो, खळगा भरतो, मग दुसऱ्या बाजूला वळतो, आणि दोन्हीकडच्या चकत्या त्याला बाहेर पडू देत नाहीत. लांब बॉबिनवर हे जमत नाही, कारण टोकं मध्यापासून फार दूर पडतात. मला हा उपाय बदामापेक्षाही हुशारीचा वाटतो, जरी बघायला बदामच छान दिसत असला तरी.

आपोआप सुटणारा खटकाही असाच बिनडोक्याने हुशार आहे. त्याचं एक बोट बॉबिनच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतं. दोऱ्याचा थर वाढत वाढत त्या बोटाला टेकतो आणि त्याला बाहेर ढकलू लागतो. स्प्रिंग अशी लावलेली असते की ठरावीक जागेपर्यंत ती बोटाला आत दाबते, आणि ती जागा ओलांडली की तीच स्प्रिंग त्याला बाहेर फेकते. रबर चाकापासून सुटतं, बॉबिन थांबते. दोरा किती मीटर भरला याच्याशी खटक्याला देणंघेणं नाही, तो फक्त व्यास मोजतो. त्यामुळे जाड दोऱ्याची बॉबिन दिसायला तेवढीच भरलेली असते आणि निम्म्या वेळात संपते.

पाटावरच्या त्या तबकड्यांकडे मात्र फारच दुर्लक्ष होतं. घाईत दोरा त्यांतून न ओवता थेट बॉबिनवर घेणारे कितीतरी आहेत. मग वेढे सैल बसतात, वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि शिवताना दोरा गचके देत सुटतो. टाका कधी घट्ट, कधी ढिला. शिव्या खातं मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. उलट चूकही होते. पॉलिएस्टरचा दोरा खूप ताणून आणि भरधाव भरला तर तो ताणलेल्या अवस्थेतच शिवणीत जातो आणि नंतर हळूहळू आखडतो. मीटरभर शिवणीत दोरा एक टक्का जरी आखडला तरी सेंटीमीटरभर कापड गोळा होतं, आणि इस्त्री करूनही चुण्या जात नाहीत.

प्लास्टिकच्या बॉबिनचे हालही याच ताणापायी होतात. दोऱ्यावर २० ग्रॅम वजनाएवढा ताण असेल तर एक पूर्ण वेढा नळीला चहूबाजूंनी मिळून सव्वाशे ग्रॅमचा दाब देतो. तेराशे-चौदाशे वेढ्यांची नुसती बेरीज केली तर १७० किलोपर्यंत जाते. प्रत्यक्षात आतले थर दबून सैल पडतात, त्यामुळे दाब बराच कमी भरतो. तरी पातळ प्लास्टिकच्या चकत्या बाहेर फाकवायला तो पुरतो. मग बॉबिन तिच्या डबीत, म्हणजे केसमध्ये, बसत नाही, बसली तर फिरत नाही.

घरच्या मशीनवर बॉबिन नीट भरत नसेल तर आधी रबर बघावं. नाशिकच्या उन्हाळ्यात ते कडक होऊन चकाकतं आणि चाकावर घसरतं. तेलाचा थेंब लागला असला तरी तेच. रविवार कारंज्याच्या आसपासच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानांत सुटं रबर सहज मिळतं, बदलायला हत्यारही लागत नाही. भरताना हातचाकाच्या मधली चक्री सैल करायला विसरू नये, नाहीतर सुई उगाच वर-खाली होते आणि खालचे दाते कापडाशिवाय वरच्या दाबपट्टीला घासत राहतात. आणि दोरा एकाच काठाकडे साचून बॉबिन गाजरासारखी होत असेल, तर पाटावरच्या तबकड्या ज्या स्क्रूने बसवल्या आहेत तो सैल करून त्या किंचित डावी-उजवीकडे सरकवाव्या. दोरा डाव्या काठाला साचत असेल तर तबकड्या उजवीकडे घ्यायच्या, उजव्या काठाला साचत असेल तर डावीकडे. एक-दोन मिलिमीटर सरकवलं तरी पुरतं, मग स्क्रू पुन्हा आवळायचा.