पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या: शिकायला निघण्याआधी

कुडाळजवळच्या पिंगुळीला शिकायला येणारा नवखा माणूस बहुतेक वेळा 'कळसूत्री शिकायचंय' म्हणतो, आणि मनात असतो पडद्यावरचा सावल्यांचा खेळ. घोळ इथूनच सुरू होतो. कळसूत्री बाहुली लाकडाची, वरून दोऱ्यांनी नाचवायची. सावलीची बाहुली चामड्याची आणि चपटी. तिला दोरी नाही, खालून काठीने धरायची. गावात तिला 'चामड्याची बाहुली' म्हणतात. 'छायाबाहुली' हा छापील शब्द.

'कळसूत्री'ने सगळं गिळलं याला कारण आहे. सूत्राने हलणारं बाहुलं मराठीत फार जुनं. ज्ञानेश्वरीत 'साइखडे' येतं ते तेच. पुढे 'कळसूत्री सरकार'पर्यंत शब्द रुळला आणि चामड्याच्या बाहुलीला स्वतःचं ठसठशीत नाव उरलं नाही. त्यात चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेची भर. पोथीतली चित्रं कागदावरची, चौकटीत बसणारी, म्हणून संग्राहकांचं लक्ष आधी तिकडे गेलं. चामड्याची बाहुली दिव्यापुढे आणल्याशिवाय कळतच नाही. माझ्या मते नावाच्या या गफलतीने तिचं जेवढं नुकसान झालं, तेवढं सिनेमानेही केलं नसेल.

ही कला आली कुठून, यावर एकमत नाही. कर्नाटकात तोगलु गोंबेआटा, म्हणजे तिथला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, करणारे किळ्ळेक्यात समाजाचे लोक घरात मराठीच्या वळणाची बोली बोलतात, म्हणून खेळ इथून खाली गेला असं काहीजण मानतात. दक्षिणेतली परंपरा एवढी भरघोस आहे, की उलटा प्रवासही नाकारता येत नाही. भाषेचा पुरावा मला वजनदार वाटतो, पण तो माणसांच्या प्रवासाचा. खेळाचाही आहेच असं नाही.

सावंतवाडी संस्थानच्या काळात हा खेळ करणाऱ्या ठाकर आदिवासी समाजातल्या कलावंतांना देवळांत खेळ करण्याचा मान होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला आणि पुढच्या पिढीने मजुरीची वाट धरली. सावरायला बराच काळ लागला. एका घराने आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, बाहेरच्यांना शिकवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये पिंगुळीच्या कलावंताला पद्मश्री मिळाली. समाजाबाहेर कला द्यावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ऐकायला घरचं पोर नसेल तर दारात आलेल्याला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

शिकणाऱ्याची पहिली गाठ पडते ती कातड्याशी. भिजवून केस काढायचे, फळीवर ताणून खिळे मारायचे, वाळलं की उजेड आरपार जाईल इतकं खरवडायचं. मग रंग, आणि दागिन्यांच्या जागी भोकं. पडद्यावर रावणाच्या गळ्यात चमकतो तो हार म्हणजे ही भोकंच. हलवणं त्यानंतर. बाहुली पडद्याला टेकली की रेघ न् रेघ स्पष्ट. दिव्याकडे सरकवली की सावली मोठी आणि धूसर. राक्षस अंगावर येतो तो असा. विजेचा बल्ब सोयीचा, पण ज्योत हलते तेव्हा स्थिर धरलेली बाहुलीही श्वास घेते.

कार्यशाळेत वेळ कमी म्हणून कातड्याऐवजी पुठ्ठा देतात. पुठ्ठ्यातून उजेड जात नाही. पडद्यावर सीता काळीच दिसते.