ऑक्टोपसच्या टाकीत रोजची भर कुठल्या पाण्याची? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक खाऱ्या पाण्याची टाकी आधी सांभाळलेल्यांसाठी आहे. गोल्डफिशवरून थेट ऑक्टोपसवर यायचं असेल, तर आधी वर्षभर क्लाउनफिश ठेवून पाहा.

काउंटरवर दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला: "टाकी भरली, पाणी फिरतंय, आता द्या की ऑक्टोपस." दुसरा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी: "सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, तरी खाईना झालाय." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडतं, म्हणून आधी तेच.

तांबं

ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात तांबं असतं. हे वाचून काही जण म्हणतात, मग पाण्यात थोडं तांबं असलं तर चांगलंच की. तसं नाही. रक्तातलं तांबं प्रथिनाला बांधलेलं असतं, पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर जातं. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं औषध म्हणून देतात. मासा ते सोसतो. शंख, कोळंबी, खेकडा आणि ऑक्टोपस सोसत नाहीत.

आता घरचं पाणी. हल्ली बऱ्याच घरांत "कॉपर" लिहिलेला आरओ असतो. तो पाणी गाळतो आणि शेवटी मुद्दाम तांबं सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तुमच्या आमच्या पोटाला त्याचा त्रास नाही. टाकीला आहे.

होतं असं: पहिलं पाणी ग्राहक आमच्याकडून नेतात, ते शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) असतं, सगळं नीट चालतं. पण एप्रिल-मे महिन्यात २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं. एवढ्यासाठी दुकानात कोण जाणार, म्हणून किचनमधल्या आरओचा तांब्या ओतला जातो. पाणी परत उडतं, तांबं मात्र आतच राहतं. रोज अडीच लिटर धरले तर तीन महिन्यांत सव्वादोनशे लिटर, म्हणजे जवळपास आख्ख्या टाकीभर पाण्यातलं तांबं आत गेलं. आठवड्याच्या पाणीबदलात थोडं निघतं. बरंचसं चुनखडीच्या दगडात आणि वाळूत मुरतं आणि तिथून परत सुटत राहतं. म्हणून पहिले दोन महिने काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा नुसतं पाणी बदलून भागत नाही. दगड आणि वाळू टाकून द्यावी लागते आणि टाकी पहिल्यापासून पिकवावी लागते, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू पुन्हा वाढवावे लागतात. म्हणजे पुन्हा तीन महिने.

आरओ सोडून तांबं शिरायच्या आणखी वाटा:

- तांब्याचा हंडा, पितळी बादली. मीठ कालवायला फक्त प्लॅस्टिकचं पिंप, तेही नवं. शेतातलं, बोर्डो मिश्रणासाठी (पिकावरच्या बुरशीची फवारणी) मोरचूद (तांब्याचा क्षार) कालवलेलं पिंप कितीही धुतलं तरी नको.
- शेवाळ मारायची औषधं. बऱ्याच बाटल्यांत मोरचूदच असतं. गच्चीवरच्या टाकीत मोरचूद टाकलेलं असेल तर ते पाणीही नको.
- पूर्वी माशांना औषध दिलेली जुनी टाकी आणि तिचे दगड. नवी काच दगडांपेक्षा स्वस्त पडते आणि नवे दगड वाया जाणाऱ्या महिन्यांपेक्षा.
- पितळी कॉक, पितळी बिजागरी, तांब्याची तार. स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घ्या, काम चोख होतं आणि आमच्यापेक्षा स्वस्तही. पण पाणी लागणारा प्रत्येक भाग प्लॅस्टिक, काच किंवा अॅक्रिलिकचाच हवा.
- जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून बनवलेला चिलर (पाणी थंड करायचं यंत्र). पाण्यात बुडणारी कॉइल तांब्याची असेल तर तो चिलर घरात आणूच नका. तयार चिलर घेताना कॉइल टायटॅनियमची आहे का, एवढं विचारा.
- हिरव्या-निळ्या झिलईची मातीची भांडी. तो रंग बहुधा तांब्याचाच असतो.

टाकी आणि सामान

३ फूट लांब, २ फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ २१२ लिटर. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, कारण हा प्राणी पोहण्यापेक्षा सरपटतो जास्त. खाली ८० लिटरचा संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवायची दुसरी टाकी. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) ५०० लिटरच्या टाकीला चालेल असा घ्या. ऑक्टोपस खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, डब्यावर "२०० लिटर" लिहिलेला स्किमर त्याला पुरत नाही. एका पिशवीत कार्बन कायम असू द्या आणि एक पाकीट घरात शिल्लक ठेवा. शाई सोडली की स्किमर आणि कार्बन दोन्ही लागतात, त्याच दिवशी पाणीही बदलावं लागतं.

पाण्याचं तापमान २४ ते २६ अंश. कोल्हापूरची हवा थंड, चिलर कशाला, असं ऐकतो आम्ही. पावसाळ्यात खरं आहे. मार्च ते मे मध्ये बंद खोलीतली टाकी पंखा लावूनही ३० पार करते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि ऑक्टोपसला तो जास्त लागतो. पाव एचपीचा चिलर या मापाला पुरतो.

पंपाच्या आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी संपात उतरायची वाट) प्रत्येक तोंडाला जाड स्पंज. उघड्या पात्याचा वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंखा) वापरू नका, भुजा आत जाते.

झाकणात काटकसर नको. अंगात चोचीशिवाय कडक काही नाही, त्यामुळे चोच जाईल तिथून आख्खा प्राणी जातो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ मध्ये झाकणाच्या फटीतून निघून निचऱ्याच्या नळीवाटे समुद्रात गेला. तुमच्या टाकीतला निघाला तर सोफ्याखाली सापडेल, वाळलेला. १० मिलिमीटर अॅक्रिलिकचं झाकण, चारही बाजूंना प्लॅस्टिकच्या कड्या, वायर आणि पाइपच्या भोकांत दाबून बसवलेला स्पंज. काठाला आतून कृत्रिम हिरवळीची पट्टी लावली तर चूषकांना पकड मिळत नाही. झाकण मापाने कापून आम्ही देतो.

बिळासाठी कुंभार गल्लीतली साधी, बिनरंगाची कुंडी आडवी ठेवा. तीन-चार इंची पीव्हीसीचे तुकडेही चालतात. उजेड मंद हवा. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका: खडकप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकचे दगड घ्या.

मीठ आणि पिकवणं

संपसकट पाणी साधारण २७० लिटर, त्याला सागरी मिश्रणाचं मीठ १० किलोच्या आसपास. खडेमीठ चालत नाही. मिठागरात मीठ जमताना मॅग्नेशियम वगैरे उरलेल्या पाण्यात निघून जातं, आपल्या हातात जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड येतं. मीठ पिंपात पंप लावून २४ तास फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आहे का पाहा. पीएच ८.१ ते ८.४.

नंतर अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) द्या आणि थांबा. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही, ती फक्त सुरू झाली. तिथून तीन महिने पुरे होईपर्यंत खेकडे आणि शंख ठेवून भार हळूहळू वाढवा. आमच्या चालू टाकीतला, जिवाणू बसलेला स्पंज लावला तर सुरुवातीचे आठवडे वाचतात, पूर्ण सामान नेणाऱ्याला तो आम्ही असाच देतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत आणखी चार-पाच सागरी शंख सोडा. तांबं असेल तर ते काचेवरून गळून पडतात, उलटे पडून राहतात. टेस्ट किटला न दिसणारं थोडंसं तांबंही शंख सांगतात. शंख ठणठणीत राहिले तर पुढे ऑक्टोपस त्यांना खाईल, पण तो वेगळा खर्च.

याच कारणाने, पैसे हातात घेऊन आलात तरी ऑक्टोपस आम्ही लगेच देत नाही. आठवड्याच्या अंतराने टाकीतल्या पाण्याचे तीन नमुने आणा, तपासणी फुकट आहे. तिन्ही बरोबर आले की मागवतो. यावर काही जण नाराज होऊन दुसरीकडून घेतात, तो त्यांचा निर्णय. नमुना अर्धा लिटर, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत.

आणल्यानंतर

पिशवीतून थेट टाकीत नको. बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत दीड-दोन तास. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. सोबत मासा ठेवू नका, तो त्याचं जेवण होतो.

खायला सागरी खेकडा आणि सालासकट कोळंबी, मोठ्याला दिवसाआड, पिल्लाला रोज. रत्नागिरीहून येणारा ताजा माल मासळी बाजारात मिळतो, हळद-मीठ लागायच्या आत बाजूला काढा. ओढ्यातले खेकडे रोजच्या खाण्यात नकोत: खाऱ्या पाण्यात फार टिकत नाहीत आणि समुद्री प्राण्याला लागणारी स्निग्धद्रव्यं त्यांच्यात कमी. उरलेलं दोन-तीन तासांत काढा. आठवड्याला २५ ते ३० लिटर पाणी बदला.

लाईट गेली तर चिलर इन्व्हर्टरवर ओढू नका. परतीचा पंप (संपातून टाकीत पाणी चढवणारा) आणि हवेचा पंप एवढेच चालू ठेवा, १५० एएचच्या बॅटरीवर ते रात्र काढतात.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस आम्ही मागवत नाही, आग्रह करू नये. त्याच्या विषावर उतारा नाही.

आणि एक: बहुतेक लहान जातींचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं असतं. मादी अंडी घातल्यावर खाणं सोडते आणि जाते. समुद्रातून पकडलेल्याचं वय कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आयुष्याची हमी आम्ही लिहून देत नाही. खाणं सोडलं तर आधी शंख पाहा. शंख चालते-फिरते असतील तर बहुधा वय झालं. शंखही पडले असतील तर वरून कुठलं पाणी घालता ते आठवून, नमुना घेऊन त्याच दिवशी या. तांबं शोषणारं रेझिन दुकानात नेहमी असतं, आणि टाकीत घालायचं शून्य टीडीएसचं पाणी २० लिटरच्या जारमध्ये मिळतं. रोजच्या भरीसाठी उन्हाळ्यात आठवड्याला एक जार लागतो. महिन्याचे चार एकदम सांगितले तर घरपोच.