कॉपीराइट

लेखन, संगीत, चित्र, छायाचित्र, चित्रपट, संगणक प्रणाली यांसारख्या स्वतंत्र निर्मितीच्या प्रती काढणे, त्या विकणे, ती जाहीरपणे सादर करणे, तिचे भाषांतर वा रूपांतर करणे यांबाबत निर्मात्याला ठरावीक मुदतीपुरता मिळणारा कायदेशीर हक्क. त्याला स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार असेही म्हणतात. निर्मिती कागदावर, फितीवर वा संगणकात उतरली की हा हक्क आपोआप लागू होतो. ‘सर्व हक्क सुरक्षित’ असे छापले नाही म्हणून तो बुडत नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही. ती ज्या शब्दांत, सुरांत वा रेषांत मांडली त्या मांडणीला मिळतो. दोन भावांच्या वैराची गोष्ट कोणीही लिहावी, पण दुसऱ्याने रंगवलेले प्रसंग आणि संवाद उचलू नयेत. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेबवह्यांचे एक प्रकरण आले. जमाखर्च लिहिण्याची एक नवी पद्धत समजावणारे पुस्तक सेल्डन यांनी लिहिले होते आणि त्यात कोरे तक्ते जोडले होते. बेकर यांनी त्याच पद्धतीच्या, थोड्या वेगळ्या रकान्यांच्या वह्या विकायला काढल्या. पुस्तकातले विवेचन सेल्डनचे, पण हिशेब ठेवण्याची पद्धत कोणालाही वापरता येईल, असा निकाल लागला. वस्तुस्थिती, आकडे, शास्त्रीय नियम हेही असेच मोकळे असतात. मात्र कादंबरी किंवा चित्रपटात कल्पना कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते, हे सांगणे महाकठीण. बहुतेक खटले तिथेच अडतात.

वस्तूची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेले पत्र ज्याला आले त्याचे असते; त्यातला मजकूर छापण्याचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो. विकत घेतलेल्या चित्राचेही तसेच. एकाच ध्वनिमुद्रित गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क तिघांकडे असू शकतात.

लेखकाला केंद्रस्थानी ठेवणारा पहिला कायदा ब्रिटनमध्ये १७१० मध्ये अमलात आला. त्याआधी छपाईची मक्तेदारी लंडनच्या पुस्तकव्यावसायिकांच्या संघाकडे होती, आणि ती सरकारच्याही सोयीची होती, कारण त्यामुळे मजकुरावर नजर ठेवता येई. नव्या कायद्याने नव्या पुस्तकांना १४ वर्षांचा हक्क दिला. ही मुदत संपताना लेखक हयात असल्यास आणखी १४. तरीही आपला हक्क कायमचा आहे, असे लंडनचे प्रकाशक म्हणत राहिले. एडिंबरोचा डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तके स्वस्तात छापून विकू लागला, तेव्हा प्रकरण ब्रिटिश उमरावसभेपर्यंत गेले आणि १७७४ मध्ये कायमच्या हक्काचा दावा फेटाळला गेला. या निकालाचे महत्त्व मूळ कायद्याइतकेच मानायला हवे.

मुदतीमागचा हिशेब उघड आहे. पुस्तक लिहायला वर्षे लागतात, नक्कल करायला फार वेळ लागत नाही. नक्कल मोकळी ठेवली तर लेखकाच्या हाती काही पडत नाही. कायमची रोखली तर वाचक आणि पुढचे लेखक अडतात. १८८६ च्या बर्न करारामुळे सदस्य देश परस्परांच्या लेखकांना संरक्षण देतात, आणि करारानुसार आज सर्वसाधारण किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे आहे. अनेक देशांनी ती ७० केली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क संपायला आले तेव्हा भारताने १९९२ मध्ये ती ५० वरून ६० वर नेली. मृत लेखकाला वाढीव वर्षांनी लिहिते करता येत नाही, त्यामुळे अशा वाढीचा लाभ वारस आणि कंपन्यांनाच होतो, ही टीका रास्त आहे.

समीक्षा, अध्यापन, संशोधन, बातमी यांसाठी मर्यादित वापराला बहुतेक कायदे मुभा देतात; किती वापर चालतो, हे देशागणिक बदलते. २०१३ च्या माराकेश कराराने दृष्टिहीनांसाठी ब्रेल व ध्वनिप्रती परवानगीविना तयार करण्याची वाट मोकळी केली.

हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो, वारशाने जातो. म्हणूनच लेखकाने करारावर सही करण्यापूर्वी भाषांतर, चित्रपट आणि ध्वनिपुस्तक या कलमांपाशी थांबावे. एकरकमी पैशांत सगळे हक्क देऊन टाकले, तर पुस्तक पुढे कितीही खपले तरी सहसा हाती काही येत नाही. आर्थिक हक्क गेले तरी कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची विद्रूप मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क अनेक देशांत निर्मात्याकडेच राहतो.