रुग्णशिक्षण : ठाणे व नवी मुंबई

आजार काय आहे, त्यावर कोणती प्रक्रिया होणार आहे आणि घरी गेल्यावर काय करायचे, हे रुग्णाला व त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला त्यांच्या हातून ते घडेल अशा रीतीने समजावून देणे, याला रुग्णशिक्षण म्हणतात. माहितीपत्रक, तक्ता, मोबाइलवरचा व्हिडिओ ही त्याची साधने. बोलीत या कामाला वेगळे नाव नाही. ‘सिस्टरांनी नीट सांगितले’ किंवा ‘कोणी काही सांगितलेच नाही’ एवढ्यात त्याचा हिशेब होतो.

ठाणे व नवी मुंबईत हे काम अवघड होते ते इथल्या वस्तीमुळे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आलेला माणूस आणि मुंब्र्याची हिंदी-उर्दू बोलणारी बाई एकाच वॉर्डात असतात. वाशी, नेरूळ व ऐरोलीतील महापालिका रुग्णालयांत गावठाणातले आगरी-कोळी, साताऱ्याकडून आलेले माथाडी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कामगार येतात. केसपेपरवरची ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘टीडीएस’ (तीनदा), ‘एसओएस’ (गरज पडली तरच) ही अक्षरे यांतल्या बहुतेकांना लागत नाहीत. ‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे लागते, पण रात्रपाळी करणाऱ्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, तेव्हा त्याने शेवटची गोळी कधी घ्यायची, हे त्याच्या पाळीचे वेळापत्रक विचारूनच ठरवावे लागते.

शब्दही फसवतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘जड उचलू नका’ असे सगळ्यांना सांगितले जाते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोची गोण पाठीवर घेणाऱ्याच्या लेखी जड म्हणजे गोण. पाण्याची बादली त्याच्या हिशेबात वजनच नाही. २० लिटरची भरलेली बादली मात्र २० किलोच्या वर भरते आणि ताज्या टाक्यांना तेवढा ताण पुरतो. ‘भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही, नातवाला कडेवर घेणे नाही, अमुक तारखेपर्यंत’ असे सांगितले की ते डोक्यात बसते. तारीख फार महत्त्वाची. रोजावर पोट असलेला माणूस ‘काही आठवडे’ या शब्दांवर घरी बसत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा डिस्चार्जच्या दिवशी होतो. मुलगा बिलाच्या किंवा विम्याच्या खिडकीपाशी मंजुरीची वाट पाहत असतो, रुग्णाला कधी एकदा घरी जातो असे झालेले असते, आणि जिच्या हातून ड्रेसिंग, पथ्यपाणी, औषधे व्हायची ती सून किंवा बायको घरी डबा करत असते. सिस्टर फाईल उघडून पाच मिनिटांत सगळे सांगतात, ‘समजलं ना?’ विचारतात, रुग्ण मान डोलावतो. या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर क्वचितच येते. मोठ्या माणसांना तर ते अपमानाचे वाटते. म्हणून अनुभवी परिचारिका प्रश्न फिरवतात : ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल, ते मला सांगा बघू.’ आजी सांगू लागल्या की कुठे चुकते ते लगेच कळते आणि तेवढेच पुन्हा समजावता येते. या पद्धतीला काही खर्च नाही, दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. ती प्रत्येक वॉर्डात सक्तीची असावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. सुनेला फोन लावून स्पीकरवर घेतले तर आणखी चांगले.

घरी काय करायचे हे शिकवणे किती गरजेचे आहे, याचे डायलिसिसचे रुग्ण नेमके उदाहरण आहेत. आठवड्यातून बहुधा तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास मशीनवर. बाकीचा सगळा वेळ ते घरी असतात. हाताची रोहिणी आणि नीला जोडून केलेला फिस्टुला ही त्यांची जीवनवाहिनी. त्यावर बोटे ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर जाणवते. ही थरथर रोज सकाळी तपासायची. ती थांबली किंवा मंद झाली तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रात जायचे. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालायचे नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचे नाही, आणि लोकलमध्ये पर्स त्या कोपराला अडकवायची नाही. रक्तदाब मोजायला कोणी पट्टा घेऊन आले की दुसरा हात पुढे करण्याची सवय रुग्णालाच लावावी लागते.

खाण्यापिण्याचेही तसेच. पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. त्यात चहा, ताक, आमटी, बर्फ सारे धरायचे असते, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. भेटायला येणारे मायेने शहाळे घेऊन येतात. रुग्णालयाच्या दाराशीच ती मिळतात. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, मूत्रपिंडे निकामी असतील तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठही याच कारणाने टाळावे लागते, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. हे शिक्षण एकट्या रुग्णाला देऊन भागत नाही. सासर-माहेर, शेजारी, सोसायटीतले मित्र सगळ्यांपर्यंत ते जावे लागते.

मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रिजच्या दारात ठेवावी. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवून गोठली तर ती टाकून द्यावी. फ्रिज नसलेल्या घरात एकात एक दोन मडकी आणि मधे ओली वाळू, हा उपाय सांगितला जातो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याचा गारवा कमी पडतो. रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली उतरून हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचे नाही. १०८ ला फोन करायचा.

शस्त्रक्रियेपूर्वीची समजूत कायद्यानेही बांधलेली आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रक्रियेचे स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे कळल्यावरच दिलेली संमती खरी, असे ठरवले. रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, हा नियम २००२ पासून आहे.

घरी जाऊन शिकवण्याची रीत नवजात बालकांच्या बाबतीत सर्वांत पक्की रुजली आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. बाळाचे वजन, ताप, दूध ओढण्याची ताकद ती पाहते, नाळेला हळद-तेल लावलेले नाही ना हे बघते, बाळाला कसे गुंडाळायचे ते आईकडून करून घेते. अनुभवी आशा या वेळी आजीलाही शेजारी बसवून घेते, कारण बहुतेक घरांत बाळाला न्हाऊ-माखू घालणारे हात आजीचे असतात.