वर्गात शून्यात बघणारं मूल: एडीएचडी की अ‍ॅब्सेन्स फिट?

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वहीत 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा आला की घरी ओरडा बसतो, नाहीतर शिकवणी लागते. पण या शेऱ्यामागे एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाण्याची मेंदूच्या विकासाची अडचण) असू शकते, तशी अ‍ॅब्सेन्स फिटही (काही सेकंद भान हरपणारी, झटके न येणारी फिट). दोन्हींची औषधं अगदी वेगळी आहेत.

एडीएचडी असलेलं मूल कंटाळवाण्या कामात भरकटतं. खांद्याला हात लावून हाक मारली की भानावर येतं. फिट मात्र खेळ ऐन रंगात असतानाही येते. वाक्य अर्ध्यात तुटतं, नजर थिजते, पापण्या फडफडतात, हाक मारूनही उत्तर नाही. 5 ते 20 सेकंदांनी मूल काही झालंच नाही असं पुन्हा खेळू लागतं. मधलं त्याला आठवत नाही. दिवसात असं अनेकदा होतं, पण मूल पडत नाही, त्यामुळे फिटची शंकाही कुणाला येत नाही. असा एखादा प्रसंग मोबाईलवर टिपून डॉक्टरांना दाखवाच.

दवाखान्यात मुलाला भिरभिऱ्यावर सलग 3 मिनिटं जोरात फुंकायला लावतात. उपचार सुरू नसतील तर बहुतेकदा तिथेच फिट येते. घरी हा प्रयोग करू नये. सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलात तो डॉक्टरही टाळतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार जास्त आढळतो, म्हणून तिथे हे आधी विचारायलाच हवं. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) सेकंदाला साधारण 3 या गतीने ठरावीक लहरी दिसल्या की निदान पक्कं होतं.

एडीएचडीसाठी अशी एकच चाचणी नाही. दुर्लक्षाच्या 9 लक्षणांपैकी किमान 6, कमीत कमी 6 महिने, घरी आणि शाळेतही, आणि सुरुवात 12 वर्षांच्या आत, हे सगळं जुळावं लागतं. शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली नसेल तर तपासणी अर्धवटच. कान, डोळे, झोप आणि वाचनातली अडचणही आधी पाहावी.

एडीएचडीत पालकांचं प्रशिक्षण, वर्गात पुढची जागा, कामाचे छोटे तुकडे आणि गरजेनुसार मेथिलफेनिडेट हे औषध. अ‍ॅब्सेन्समध्ये एथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट ही फिटची औषधं. पण नुसतं 'फिटचं औषध' म्हणून कार्बामाझेपिन (दुसऱ्या प्रकारच्या फिटांचं औषध) दिलं तर या फिटा वाढू शकतात, म्हणून फिटचा प्रकार ठरवणं फार महत्त्वाचं.

काही मुलांत दोन्ही एकत्र असतात. फिटा थांबूनही लक्ष लागत नसेल तर एडीएचडीची तपासणी वेगळी करून घ्या.