झुंबर ‘हेवी’ की ‘बल्की’?

ग्वाल्हेरला पाहुणे आले की जयविलास दाखवावाच लागतो. जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली बांधलेला महाल, आणि दरबार हॉलात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं. छत ती पेलेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

गेल्या दिवाळीत भाचीने तिथेच उभं राहून झुंबराच्या फोटोखाली ‘बल्की’ लिहिलं. म्हटलं, “अगं, बल्की आपली कापसाची गादी. एकट्याने उचलते, पण जिन्यात अडकते.”

“मग हेवी का, मामा?”

हेवी हा इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. जोर लावून उचलण्याला ‘हीव्ह’ म्हणतात, त्याच्या घराण्यातला. उचलताना दम लागतो ते हेवी. हेफ्टी त्याच कुळातला, पण 19व्या शतकातला. धिप्पाड माणसाला नाहीतर घसघशीत बिलाला शोभतो. बल्क खलाशांकडून आला: जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, ‘बुल्की’ म्हणजे जहाजात भरलेला माल. आकाराचा अर्थ त्यात पुढे मुरला, म्हणून बल्कीत वजनापेक्षा अडवलेली जागा डोळ्यापुढे येते. गंमत म्हणजे खुद्द ‘टन’सुद्धा मुळात वजन नव्हे, दारूचं मोठं पिंप!

खरी मजा मॅसिव्हची. 1066 नंतर इंग्लंडात नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्दांची रीघ लागली. हाही फ्रेंचकडूनच आलेला. मागे लॅटिन ‘मासा’ म्हणजे मळलेला गोळा, त्याच्याही मागे ग्रीकांची जवाची भाकरी. कणकेच्या गोळ्यासारखं आतून भरलेलं, ते मॅसिव्ह. सोन्याच्या वस्तूला इंग्रजीत मॅसिव्ह म्हणत ते याच अर्थाने. सराफ्यात आत्या पाटली हातात घेऊन “भरीव आहे ना?” विचारते, तोच हा शब्द. आता सेलमधली सूटही मॅसिव्ह असते, आतून कितीही पोकळ असली तरी.

लार्ज तर लॅटिनमध्ये उदार, सढळ हाताचा होता. आपल्या ‘गुरु’चाही मूळ अर्थ जड, लघु-गुरु मात्रांत तो टिकलाय, आणि इंग्रजी ग्रॅव्हिटी त्याच मुळातली.

फोटोखाली शेवटी ‘हेवी’ लिहिलं. तेवढ्यात पुण्याचा जावई मान वर करून म्हणाला, “भारी!” शेजारचा गाइड लगेच मान डोलावून म्हणाला, “जी हाँ, साढ़े तीन टन.”